फेस म्हणजे एस्प्रेसो नव्हे, आणि नऊ बारही नव्हे

झाशीत देवउठनी एकादशी झाली की लग्नं सुरू होतात, आणि लग्नं सुरू झाली की मांडवाच्या कोपऱ्यात ते उभट, चकचकीत यंत्र येऊन उभं राहतं. खाली गॅसची शेगडी, वर पाण्याचं बंद पात्र, दाब दाखवणारी तबकडी आणि बाजूला तोटीची नळी. कारागीर मगात दूध, साखर आणि झटपट कॉफीची पूड घालतो, नळी दुधात बुडवतो, तोटी फिरवतो. दूध खळखळून फेसानं मगाच्या काठापर्यंत येतं, वर चिमूटभर कोको पडतो. कडाक्याच्या थंडीत, रात्री अकरा वाजता, वरात दारात अडकलेली असताना हा मग दोन्ही हातांत धरलेला ज्यांना आठवतो, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सगळं गाव तिला ‘एक्सप्रेसो’ म्हणतं. आमच्या मराठी घरांतही तिला दुसरं नाव नाही.

मागच्या हिवाळ्यात घरातल्याच एका लग्नात यावरून वाद पेटला. बंगळुरूला नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, “काका, ही एस्प्रेसो नव्हेच. खरी एस्प्रेसो म्हणजे नऊ बार दाब, पंचवीस सेकंद, वर सोनेरी क्रेमा. बाकी सगळी नक्कल.” शेजारी बसलेले आमचे मेहुणे तितक्याच ठामपणे म्हणाले, “जिला चार लोक एस्प्रेसो म्हणतात ती एस्प्रेसो. शब्द लोकांचा असतो.” मला दोघांचंही पटलं नाही. का पटलं नाही, ते नीट मांडायला हवं.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. जे आत यायला हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती, जे बाहेर राहायला हवं ते आत शिरलं तर अतिव्याप्ती. पुतण्याचं लक्षण पहिल्या दोषानं मोडतं, मेहुण्यांचं दुसऱ्या.

पुतण्याचा पक्ष आधी घेतो, कारण तो आकड्यांच्या आधारानं बोलतो आणि आकड्यांपुढे माणूस गप्प बसतो. वाफेच्या दाबानं कॉफी काढण्याच्या यंत्राचं पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोनं 1884 मध्ये घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये त्यात मोठी सुधारणा केली: एकेका पेल्यापुरती पूड एका छोट्या वाटीत धरायची आणि पाणी तिच्यातून थेट पेल्यात काढायचं. बेझेराच्या या सुधारणेचं पेटंट देसिदेरिओ पावोनीनं विकत घेतलं आणि 1906 च्या मिलानच्या प्रदर्शनात ही कॉफी लोकांपुढे आणली. ‘एस्प्रेसो’ हे नाव रुळलं ते या यंत्रांबरोबर. त्यांचा दाब होता दीड बारच्या आसपास. क्रेमा नावाची गोष्ट त्या पेल्यात नव्हतीच. ती आली आकिल्ले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रातून. त्याचं पहिलं पेटंट 1938 चं, आणि युद्धानंतर स्प्रिंगच्या जोरावर पाणी दाबणारी यंत्रं बाजारात आली. विजेच्या पंपानं सतत नऊ बार देणारं फाएमाचं ई-61 यंत्र तर 1961 मधलं. म्हणजे पुतण्याची व्याख्या मान्य केली, तर ज्या कॉफीसाठी हा शब्द रूढ झाला तीच कॉफी खोटी ठरते. ज्या लक्षणात मूळ पुरुषच बसत नाही, ते लक्षण कुळाचं कसं म्हणायचं?

आणि ते आकडेही एका गोत्राचे नाहीत. इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेचं प्रमाण सात ग्रॅम पुडीचं आणि पंचवीस मिलिलिटर पेयाचं. बंगळुरूच्या ज्या कॅफेत पुतण्या हे शिकला, तिथे अठरा ग्रॅम पुडीतून छत्तीस ग्रॅम पेय काढतात. इटालियन माणसाच्या लेखी अठरा ग्रॅम ही उधळपट्टी, तर नव्या पिढीच्या लेखी सात ग्रॅम म्हणजे जुनाट सवय. 2020 मध्ये एका संशोधनगटानं दाखवून दिलं, की दळण जरा जाड ठेवून पूड कमी घेतली तर पेला उलट अधिक सारखा, भरवशाचा उतरतो. फार बारीक पुडीत पाण्याला वाटा सापडत नाहीत, काही भाग कोरडाच राहतो. प्रमाणं बदलत राहणार. ती वापरावीत, मीही तराजू वापरतो. पण तराजूवरचा आकडा म्हणजे वस्तूचं स्वरूप नव्हे.

क्रेमाबद्दल तर मला रागच आहे. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली निघतो, तेलकट अंशात मिसळतो, त्याचा तो थर. दाणा ताजा भाजलेला असेल तर थर जाड, रोबस्टा असेल तर आणखी जाड. म्हणजे क्रेमा ताजेपणाची साक्ष देतो, चवीची देत नाही. गंमत म्हणजे सोनेरी थराचं कौतुक करणारेच रोबस्टाला हलकी जात म्हणून नाकं मुरडतात. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचा आहे आणि आपल्या कॉफीचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक इटली आहे. इटालियन मिश्रणाच्या ज्या डब्यासाठी आपण दामदुप्पट मोजतो, त्यात कोडगू किंवा वायनाडची रोबस्टा असण्याचा पुरेपूर संभव असतो. तिला इथे हीन म्हणायचं आणि तिथून आली की डोक्यावर घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

आता मेहुण्यांचा पक्ष. शब्द लोकांचा असतो, हे खरं. पण फेस आला की एस्प्रेसो, असं म्हटलं तर घरी चमच्यानं साखर-कॉफी फेटून केलेला पेलाही एस्प्रेसो होईल, आणि मग शब्दाला अर्थच उरणार नाही. लग्नातलं यंत्र नीट पाहा. जुन्या इटालियन यंत्राला बाष्पपात्र होतं आणि पूड धरणारी वाटी होती. आपल्या यंत्रात बाष्पपात्र आहे, वाफेची नळी आहे, वाटी मात्र नाही. वाफ दुधात जाते, कॉफीतून जात नाही. कॉफी आधीच कुठल्या तरी कारखान्यात काढून, वाळवून, बरणीत भरलेली असते. यंत्राला ते नाव शोभतं, पेल्याला नाही.

मग माझं लक्षण काय? कॉफी बारीक दळलेली असावी, गरम पाणी तिच्यातून दाबानं, थोड्या वेळात पार व्हावं, आणि पेला पिणाऱ्यासाठी त्याच क्षणी काढलेला असावा. यात बेझेराही बसतो, गाज्जाही, सात ग्रॅमवालाही, अठरा ग्रॅमवालाही. दक्षिणेची फिल्टर कॉफी बाहेर राहते, कारण तिथे डिकॉक्शन गुरुत्वानं थेंबथेंब उतरतं. त्यात तिचं काही कमी होत नाही. चुलीवरच्या मोका पॉटमधल्या कॉफीचं विचाराल, तर बेझेराला आत घेणाऱ्याला तिला उंबऱ्याबाहेर उभं करता येणार नाही. तिचाही दाब तेवढाच. इटालियन लोक तिला वेगळ्या नावानं हाक मारतात. मी तिला एस्प्रेसोची घरातली बहीण मानतो, आणि या मुद्द्यावर माझ्याशी भांडायला कोणी आलं तर मला आनंदच होईल.

लग्नातल्या कॉफीला मी कमी लेखत नाही, हेही तितक्याच जोरानं सांगतो. दूध कुठे तापलं की थांबायचं हे कारागीर मगाला लावलेल्या तळव्यावरून ओळखतो. नळी आधी वर धरून फेस काढायचा, मग खोल बुडवून तापवायचं, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. कॅफेतली मुलं हेच महिनोन्‌महिने शिकतात. त्या रात्री मी कारागिराला म्हटलं, की पाटीवर ‘वाफेची कॉफी’ लिहा. तो म्हणाला, “बाबूजी, लोग एक्सप्रेसो ही माँगते हैं.” तिथे मी माघार घेतली. मांडवात मागणाऱ्याला काय मिळणार ते ठाऊक असतं, देणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिथे त्या नावानं कोणाची फसवणूक होत नाही.

फसवणूक होते ती मेनूकार्डावर. झाशीतल्याच एका थंडगार काचेच्या दुकानात मी एस्प्रेसो मागितली, तर मुलानं बरणीतली पूड इवल्याशा कपात घालून वर उकळतं पाणी ओतलं. मांडवातल्या चार मगांचे पैसे त्या दोन घोटांसाठी घेतले. मागे चांगलं इटालियन यंत्र बंद पडून होतं. तिथे मी मेहुण्यांची भाषा ऐकून घेणार नाही. जिथे गिऱ्हाईक शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजतं, तिथे शब्दाप्रमाणे कृती झालीच पाहिजे.

पुतण्या पुढच्या आठवड्यात येतोय. हातानं दांडा दाबून चालवायचं छोटं यंत्र आणतो म्हणाला. मी त्याला चिकमगळूरची रोबस्टा आणायला सांगितली आहे, न दळलेली. त्यानं फोनवर नाक मुरडलेलं मला ऐकू आलं. दाणे मात्र आणतोय.