काळी, पांढरी आणि चुना : जुन्या वाड्यांना सिमेंट का मानवत नाही

१/
महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर एक गोल दगडी चर दिसतो. त्याच्या आत किंवा शेजारी जड दगडी चाक पडलेले असते. ही चुन्याची घाणी. दुर्गप्रेमी तिच्यापाशी थांबतात, छायाचित्रे काढतात, माहिती विचारतात. त्याच सुमारास पायथ्याच्या गावात एखाद्या जुन्या वाड्याच्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढत असतो आणि तिकडे कोणी वळूनही पाहत नाही. या दोन दृश्यांचा परस्परांशी फार जवळचा संबंध आहे.

२/
सुरुवात मातीपासून करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून दख्खनचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. तो झिजून काळी माती बनली. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी शोषून घेते आणि फुगते. पाणी गेले की आक्रसते. म्हणूनच वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या बुजतात. कापूस आणि ज्वारी या मातीत उत्तम येतात. घराचा पाया मात्र तिच्यावर दरवर्षी वर-खाली होतो.

३/
हे ज्ञान मराठी भाषेतच साठवलेले आहे. गावाची कसण्याची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि चुना यांचे थर पिढ्यानुपिढ्या साचून वस्तीची जमीन फिकट होत जाते. अशी माती काळीइतकी फुगत नाही. जुन्या वसाहतींच्या शोधात निघालेल्या पुरातत्त्वज्ञांनाही नदीकाठची पांढरीची टेकाडे मार्ग दाखवतात. काळीत पिकवावे आणि पांढरीवर राहावे, हा शेतकऱ्यांच्या अनुभवातून आलेला स्थापत्याचा पहिला नियम होता.

४/
काळीवर बांधणे अटळच असेल, तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणत, दगडाचा पाया भरत आणि त्यावर उंच जोते उभारत. जोत्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा उभा राही; दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. विटांची भिंत या सांगाड्याच्या आधाराने चढे. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली. १८२८ च्या आगीत त्याचा लाकडी संसार जळाला. उरली ती दगडी जोती आणि तट. त्या तटाकडे पाहिले तर खाली दगड आणि वर वीट ही रचना आजही स्पष्ट दिसते.

५/
या विटा जोडणारा चुना कोठून येई? दख्खनमध्ये त्याचा एक मोठा स्रोत होता तो काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे चुनखडीचे खडे. लोणारी समाजातील कारागीर हे खडे भट्टीत भाजत. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला चुनखडीतील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा सुरखी मिसळून घाणीत मळला जाई. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओल्या जागीही धरतो. जी माती भिंत हलवते, तिच्याच पोटातून भिंत सांभाळणारा चुना निघत होता.

६/
चुना भिंतीत गेल्यावर हवेतील कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. ही क्रिया कित्येक महिने, जाड भिंतीत कित्येक वर्षे चालते. या संथपणातच त्याचा मोठा गुण दडलेला आहे. पाया किंचित हलला तर चुन्याची दरज थोडी सरकते, तिच्यात केसासारख्या भेगा पडतात. पुढे पावसाचे पाणी उरलेला चुना विरघळवून त्याच भेगांत साचवते. दरवर्षी थोडे हलणाऱ्या जमिनीवर दरवर्षी थोडे सावरणारे बांधकाम, असा हा मेळ होता.

७/
१८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट काही तासांत घट्ट होते, गोणीत भरून कोठेही नेता येते, त्याला भट्टी लागत नाही आणि घाणीही लागत नाही. नव्या बांधकामाला याचा प्रचंड लाभ झाला. पण त्याच वेगाने चुन्याच्या भट्ट्या विझल्या आणि चुना ओळखणारा गवंडी दुर्मीळ होत गेला. मग जुन्या भिंतीच्या दुरुस्तीलाही सिमेंटच वापरले जाऊ लागले, आणि चूक झाली ती येथे.

८/
पहिली हानी ओलीची. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते. चुन्याच्या दरजा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ही ओल दरजांमधून वाळून जाते. दरजांत सिमेंट भरले की तो मार्ग बंद होतो आणि ओल विटेतून बाहेर पडू लागते. पाण्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साचतात आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. भिंतीला लोणा लागला, असे लोक म्हणतात. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजांची जाळी पुढे आलेली आणि विटा आत झिजलेल्या, असे उलटे चित्र दिसते.

९/
दुसरी हानी ताठरपणाची. जुनी वीट मंद भाजलेली आणि मऊ असते. माती हलली की भिंतीला कोठेतरी वाट द्यावीच लागते. चुन्यात ती वाट दरज देते आणि वीट वाचते. सिमेंटची दरज विटेहून कठीण असल्यामुळे तडा थेट विटा फोडत जातो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा चढणारा तडा ही काळ्या मातीची ओळखीची खूण आहे. त्या तड्यात सिमेंट भरले, तर पुढच्या पावसाळ्यात शेजारी नवा तडा उघडतो. दरज विटेपेक्षा दुबळी हवी, हा जुन्या गवंडीकामाचा साधा नियम यात मोडला जातो.

१०/
दर पावसाळ्यापूर्वी नगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. त्यांतील अनेक वाड्यांचे वय हेच त्यांच्या दुर्दशेचे कारण मानले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. दीडशे पावसाळे सोसलेली भिंत गेल्या तीस-चाळीस वर्षांतच का ढासळू लागली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. छप्पर गळू देणे, मोरीचा पाइप फुटू देणे आणि वर सिमेंट थापणे, या तीन गोष्टींचा हिशेब न करता सगळा दोष म्हातारपणावर टाकणे अन्यायाचे आहे.

११/
याचा अर्थ जुने ते सारे निर्दोष, असा मुळीच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील मातीत बांधलेली घरे पुराच्या पाण्यात विरघळून कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गाडली गेली. या स्मृती पुसून परंपरेचे गोडवे गाणे हा मृतांचा अपमान ठरेल. दुरुस्ती करताना भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांना सांधणारे लांब दगड, छपराचे वजन हलके करणे, भिंती सांगाड्याला बांधणे या सुधारणा व्हायलाच हव्यात. त्या चुन्याच्या कामातही करता येतात.

१२/
मालकांची बाजूही समजून घ्यावी लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला. मालकाने पैसा घातला नाही, भाडेकरूला घर आपले नव्हते. मध्ये उरली ती स्वस्त सिमेंटची थिगळे. १९९९ च्या नव्या कायद्यापर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या. वाड्यांचा हा इतिहास राजवाड्यांच्या इतिहासाइतकाच अभ्यासण्याजोगा आहे.

१३/
मग योग्य दुरुस्ती कोणती? पहिले काम पाहण्याचे. तड्यावर काचेची पट्टी चिकटवावी, तारीख लिहावी आणि किमान एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्यावा. तडा ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर कारण मातीत आहे. एकाच दिशेने वाढत असेल तर पाया खचतो आहे आणि अभियंत्याला तातडीने बोलवावे. काच फुटण्यापूर्वी विटांना हात लावण्याची घाई करू नये. भिंत बाहेर झुकत असेल तर मात्र आधी टेकू द्यावा आणि माणसे हलवावीत.

१४/
दुसरे काम पाण्याचे. पन्हळी दुरुस्त कराव्यात, जोत्याभोवतीचे पाणी उताराने दूर न्यावे, फुटलेली मोरी बदलावी, भिंतीतला पिंपळ लहान असतानाच काढावा. काळ्या मातीत खरा प्रश्न ओलीच्या चढउताराचा असतो. पायाजवळची ओल वर्षभर सारखी राहिली तर माती पुष्कळ शांत राहते. दरजांचे काम तिसरे. सिमेंट हाताच्या छिन्नीने अलगद काढावे, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत साफ करावे, विटा ओल्या कराव्यात आणि साधारण एकास तीन प्रमाणात चुना-वाळू किंवा चुना-सुरखी भरावी. मग ते काही दिवस ओलसर ठेवावे. मे महिन्याच्या उन्हात आणि धो धो पावसात हे काम करू नये.

१५/
हे काम सिमेंटपेक्षा सावकाश होते आणि आज महागही पडते, कारण हात कमी उरले आहेत. म्हणून स्मारकांच्या यादीत एखादा वाडा चढवून भागणार नाही. गवंडी घडवणाऱ्या प्रशिक्षणात चुन्याला जागा हवी आणि राहत्या घराची चुन्यातील दुरुस्ती करणाऱ्या कुटुंबाला पालिकेच्या करात सवलत हवी. ही मागणी पुराणवस्तूंच्या हौसेपोटी नाही. त्या भिंतींआड माणसे राहतात.

१६/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनाही यात काम आहे. गल्लीतल्या वाड्याला परांची लागण्यापूर्वी विटांची मापे, दरजांचा रंग, खणांची संख्या आणि तड्यांच्या जागा नोंदवून ठेवता येतात. मालकाशी बोलता येते. किल्ल्यावरच्या घाणीचे चाक आता फिरणार नाही. पण तिच्यात मळलेल्या चुन्याचे काम पेठेतल्या भिंतींना अजून हवे आहे, आणि तो चुना ओळखणारे काही गवंडी अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ते शिकून घेण्याची वेळ हीच आहे.