विश्लेषण : शिक्षक सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे का वळत आहेत? तिथे खरंच नोकऱ्या आहेत का?

‘कोडिंग येत नसलं तरी आयटीत नोकरी’, ‘कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतील’, ‘वयाची अट नाही’. सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कोर्स विकणाऱ्या अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. त्यांच्याकडे आशेने पाहणाऱ्यांमध्ये शिक्षकही आहेत. बीएड करून तुटपुंज्या मानधनावर काम करणारे, भरतीची वाट पाहून थकलेले, विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं अडकलेले. या जाहिरातींमध्ये खरं किती आणि शिक्षकाने हा रस्ता धरण्याआधी काय पाहायला हवं?

शिक्षक नोकरी का सोडू पाहत आहेत?

पहिलं कारण पगार. अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकसाठी ६ हजारांवरून १६ हजार, माध्यमिकसाठी ८ हजारांवरून १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ९ हजारांवरून २० हजार रुपये झालं. वाढ मोठी वाटली, तरी पुण्या-मुंबईत घरभाडं देऊन या रकमेत महिना काढणं कठीणच. विनाअनुदानित शाळांमध्ये हातात पडणारी रक्कम बऱ्याचदा संस्थेच्या मर्जीवर असते, तर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना सुट्टीच्या काळात उत्पन्नच नसतं.

दुसरं कारण अनिश्चितता. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. या सहा वर्षांत बीएड, डीएड झालेल्यांच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयामुळे कमी पटाच्या शाळांमधली पदं कमी होण्याची टांगती तलवार आली.

तिसरं कारण सेवेत असलेल्यांचं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ‘टीईटी’ उत्तीर्ण होणं बंधनकारक ठरलं. त्यामुळे ‘आपली नोकरी पक्की’ हा जुना भरवसाही हलला.

म्हणजे या शिक्षकांना आयटीची ओढ लागण्याआधी शाळेतलं स्थैर्य संपत गेलं आहे. ही बाब महत्त्वाची, कारण घाईत असलेल्या माणसाला स्वप्न विकणं सोपं असतं.

टेस्टर नेमकं काय करतो?

सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं, हे टेस्टरचं काम. ते किती मोलाचं आहे हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एका ठिकाणी २० माहितीघटक अपेक्षित असताना अपडेटमध्ये २१ व्या घटकाचा वापर झाला होता आणि ही तफावत तपासणीतून निसटली होती.

रोजचं काम मात्र इतकं नाट्यमय नसतं. ग्राहकाला काय हवं आहे ते वाचायचं, त्यावरून ‘टेस्ट केस’ लिहायच्या, एकेक करून तपासायचं, चूक सापडली की ती पुन्हा कशी घडवून पाहता येईल ते पायरीपायरीने लिहून डेव्हलपरकडे पाठवायचं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचं.

शिक्षकाचं कोणतं कौशल्य इथे उपयोगी पडतं?

निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर घेऊ. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. टेस्टर इथे ५० किंवा ६० टाकून थांबत नाही. तो ३४, ३५ आणि ३६ टाकतो, शून्य आणि १०० टाकतो. मग उणे १ आणि १०१ टाकून सॉफ्टवेअर ते नाकारतं का, हे पाहतो. गैरहजर विद्यार्थ्याच्या रकान्यात शून्य पडतं की ‘गैरहजर’ असा शेरा, हेही तपासतो. चुका बहुतेकदा काठावर लपलेल्या असतात. याला टेस्टिंगच्या भाषेत ‘बाउंड्री व्हॅल्यू अॅनालिसिस’ म्हणतात. काठावरच्या मुलाचे पेपर पुन्हा तपासणाऱ्या शिक्षकाला ही नजर नवी नाही.

दुसरं साम्य प्रश्नपत्रिकेचं. बीएडला प्रत्येकाने संविधान तक्ता केलेला असतो : कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या उद्दिष्टाचा कोणता प्रश्न. टेस्टिंगमध्ये ग्राहकाची प्रत्येक अपेक्षा कोणत्या टेस्ट केसने तपासली, याचा असाच तक्ता ठेवतात. चूक कुठे झाली ते समोरच्याला न दुखावता, स्पष्ट शब्दांत सांगणं, हे तर शिक्षकाचं रोजचंच काम.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की, ही कौशल्यं लागतात ते ‘मॅन्युअल टेस्टिंग’ आणि नवख्यांसाठीची नेमकी तीच जागा आक्रसते आहे. वारंवार करायच्या चाचण्या आता प्रोग्रामकडून करून घेतल्या जातात. २००४ मध्ये सुरू झालेलं ‘सेलेनियम’ आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं ‘प्लेराइट’ ही त्याची प्रचलित साधनं. ती वापरायची तर जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक भाषा, शिवाय डेटाबेससाठी एसक्यूएल यायला हवं. म्हणजे ‘कोडिंग येत नसलं तरी चालेल’ हा जाहिरातीतला दावा पहिल्या एक-दोन वर्षांपुरताही टिकेल याची खात्री नाही.

अनेक कंपन्यांनी चाचणीचं काम डेव्हलपरवरच सोपवलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारासच वेगळ्या टेस्टर पदांची रचना मोडायला सुरुवात केली. आता टेस्ट केसचा पहिला मसुदा एआय काही सेकंदांत लिहून देतं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार पदं कमी करण्याची घोषणा केली. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले कर्मचारी होते. बाजारात असे अनुभवी लोक असताना ३२ वर्षांच्या ‘फ्रेशर’साठी स्पर्धा आणखी कडवी होते.

याशिवाय मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीचं वर्ष, शाखा आणि शिक्षणातला खंड यांच्या अटी असतात. सुरुवातीचा पगारही वर्षाला साडेतीन-चार लाखांच्या घरात बराच काळ अडकलेला आहे. विनाअनुदानित शिक्षकासाठी ही मोठी झेप असेल, पण पूर्ण वेतनश्रेणीवर आलेल्या कायम शिक्षकासाठी तो तोटा ठरू शकतो.

‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ यात धोका काय?

फ्रेशरला दार उघडत नाही म्हटल्यावर काही क्लासवाले खोट्या अनुभवपत्राचा पर्याय पुढे करतात. नोकरी देताना कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. त्यात भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावरचा सेवेचा इतिहास पाहिला जातो. ज्या काळात टेस्टर असल्याचा दावा आहे, त्याच काळात खात्यावर शाळेची वर्गणी दिसली, तर खोटेपणा तिथेच उघडा पडतो. कंपनी रुजू झाल्यानंतरही काढून टाकू शकते आणि बनावट कागद वापरल्याबद्दल गुन्हाही दाखल होऊ शकतो. ज्याने आयुष्यभर कॉपी पकडली त्याच्यासाठी ही नामुष्की पगाराच्या नुकसानीपेक्षा मोठी असते.

शिक्षकांसाठी जवळचा दरवाजा कोणता?

फ्रेशरच्या मोठ्या रांगेत उभं राहण्यापेक्षा, जिथे शाळेचा अनुभव हाच अनुभव मानला जाईल, तिथे संधी जास्त असते. शाळा व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर, परीक्षा आणि निकालाच्या प्रणाली, शिकवण्याची अॅप बनवणाऱ्या छोट्या कंपन्या या त्या जागा. वर्ग दोन तुकड्यांत विभागला गेला, मूल वर्षाच्या मधेच शाळा सोडून गेलं किंवा हजेरीत एकाच नावाची दोन मुलं आली, तर काय होईल, हे शिक्षकाला कोणी शिकवावं लागत नाही. तरुण इंजिनीअरला मात्र ते सुचतही नाही.

दुसरी जागा मराठीची. ‘क्षा’ हे वाचणाऱ्यासाठी एक अक्षर, पण संगणकासाठी चार चिन्हं असतात. त्यामुळे नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा घातली की मराठी नाव मधेच तुटू शकतं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. ‘तऱ्हा’ मधला ऱ्ह नीट उमटतो का, श आणि ल मराठी वळणाचे दिसतात का, हे पाहायला भाषेची जाण लागते. अशा जागा थोड्या आहेत, पण तिथे भाषेच्या शिक्षकाचं पारडं जड असतं.

राजीनाम्याआधी काय करावं?

महागडा क्लास लावण्याआधी आवड तपासता येते. ‘आयएसटीक्यूबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पायाभूत अभ्यासक्रम तिच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्याची परीक्षा ४० प्रश्नांची आणि तासाभराची असते. उत्तीर्ण होण्यासाठी २६ गुण लागतात. या प्रमाणपत्राने नोकरीची हमी मिळत नाही, मात्र विषय पेलतो का ते कळतं. त्याच्या जोडीला रोज वापरातल्या एखाद्या अॅपच्या टेस्ट केस आणि सापडलेल्या चुकांचे नीट लिहिलेले अहवाल तयार ठेवले, तर मुलाखतीत दाखवायला खरं काम असतं. एका प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळखही नोकरी सांभाळूनच व्हायला हवी.

खासगी शाळेतल्या राजीनाम्याचेही नियम आहेत. महाराष्ट्रातल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची, तर अस्थायी कर्मचाऱ्याला एका महिन्याची नोटीस द्यावी लागते. १९७७ च्या मूळ कायद्यानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, त्यातली एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची असते. नव्या कंपनीला ‘पुढच्या आठवड्यात रुजू होतो’ असं सांगण्याआधी हे गणित जुळवावं लागतं. कायम पद एकदा सोडलं की भरतीच्या सध्याच्या वेगात ते पुन्हा मिळणं जवळपास अशक्य आहे.

थोडक्यात, मानधनावर किंवा तासिकेवर असलेल्या, वर्षभर रोज दोन तास अभ्यास करू शकणाऱ्या शिक्षकासाठी हा रस्ता खडतर असला तरी बंद नाही. कायम शिक्षकाने मात्र हातात नियुक्तीपत्र आल्याशिवाय पाऊल उचलू नये. काठावरच्या विद्यार्थ्याचं भलं-वाईट दोन-तीन गुणांवर कसं ठरतं, हे ओळखणारी माणसं सॉफ्टवेअर कंपनीला उपयोगी पडतील. पण त्यांची पहिली गरज वर्गातच आहे आणि तिथे त्यांना जगण्यापुरता पगार वेळेवर मिळाला असता, तर यांतल्या अनेकांनी ही जाहिरात उघडून पाहिलीही नसती.