रस्ता सोडणारे आणि रस्ता नसलेले

अलीकडे एका रविवारी दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या जीपगाड्यांचा मेळा भरलेला आम्ही पाहिला. उंच बॉनेटच्या सीजे-३बी, एक जोंगा, दोन-तीन जिप्सी. साऱ्यांना नवा रंग, नवी रुंद चाके. मालक मंडळी एकमेकांच्या इंजिनांची आस्थेने चौकशी करीत होती आणि किल्ल्याची तटबंदी मागे घेऊन छायाचित्रे काढीत होती. विस्मृतीत गेलेल्या 'ऑफ-रोड' गाड्या आपण वाचवीत आहोत, असा एकूण भाव होता. त्यांच्या हौसेला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो 'विस्मृती' या शब्दाच्या सोयीस्कर वापराला. नेमके काय विसरले गेले आहे आणि ते कोण विसरले आहे, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. आणि तो विचारणे ज्यांचे काम, त्या आम्हा साहित्याच्या अध्यापकांनीही तो आजवर विचारलेला नाही.

मुळात 'ऑफ-रोड' या शब्दात रस्ता गृहीत धरलेला आहे. ज्याच्या पायाखाली पक्की सडक आहे, तोच ती सोडून चिखलात उतरण्याचा आनंद घेऊ शकतो. मराठवाड्यातील कित्येक वाड्यावस्त्यांना सोडण्यासाठी रस्ताच नव्हता. तेथे जीप आली ती साहसासाठी नव्हे, तर पावसाळ्यात दुसरे काही येऊच शकत नव्हते म्हणून.

हा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडलेली विलीज कंपनीची जीप स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 साली, मुंबईत जुळवली जाऊ लागली. ती जुळवणाऱ्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीतील गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. फाळणीची खूण अशी आपल्या जीपच्या नावातच आहे. निसानच्या पेट्रोल या गाडीवरून जबलपूरच्या लष्करी कारखान्यात घडलेली जोंगा 1969 ते 1999 अशी तीस वर्षे निघाली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे जोंगा, हे तिच्यासोबत छायाचित्र काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? तोफगाड्याचे नाव वागवणारी ही गाडी मेंढा तोफेच्या किल्ल्याखाली उभी होती, हा योगायोग मोठा बोलका होता.

मात्र ही झाली यंत्राची वंशावळ. माणसांची कथा येथून पुढे सुरू होते. 1962 साली महाराष्ट्रात पंचायत राज्य आले आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावोगाव दिसू लागली. जीप म्हणजे सरकार, जीप म्हणजे साहेब, निवडणुकीत जीप म्हणजे पुढारी. पेट्रोलवर चालणारे ते इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे प्यूजोच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसले, इंधनाचा खर्च उतरला आणि साहेबाची गाडी रयतेची झाली. कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्यांना काळा-पिवळा रंग चढला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने 'मॅक्सी कॅब' ठरवली ती बारा प्रवाशांपर्यंतची. आमच्याकडे बारावा प्रवासी बसल्यावर गाडी भरू लागे.

आम्ही दोघेही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशाच काळ्या-पिवळ्या जीपमधून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शिकायला गेलो. एक खुलताबादेकडून, दुसरा कन्नडच्या बाजूने. 'वेरूळ, वेरूळ, खुलताबाद' हा क्लीनरचा पुकारा आमच्या कानात अजून आहे. दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून गाडी निघताना फाळक्यावर लटकलेली पोरे दगडी कमानीच्या धाकाने अंग चोरीत. आत मधल्या बाकावर परीक्षेच्या नोट्स मांडीवर घेतलेली मुलगी, पायांशी बांधलेली शेळी, दवाखान्यात निघालेली म्हातारी आणि उर्साहून परतणारे कुटुंब. मराठी आणि दखनी तेथे एकाच वाक्यात नांदत. भाषाविज्ञानाचा तास आम्ही पुढे वर्गात ऐकला. भाषा आधी जीपमध्ये ऐकली होती.

आणि हे सारे मराठी साहित्यात कोठे आहे? आमच्या ग्रामीण साहित्याने बैलगाडीवर पानेच्या पाने खर्ची घातली. एस.टी.ला निदान कथा आणि लोकनाट्यात जागा मिळाली. 'बनगरवाडी'चा मास्तर माण मुलखातून पायी चालत आला आणि अजरामर झाला. जीपला लटकून शाळा गाठणाऱ्या मराठवाड्यातील मास्तरांची कादंबरी आम्हांला कोणी दाखवावी. आमच्या वाचनात जीप येते ती बहुधा मंत्र्याला किंवा फौजदाराला घेऊन. तिच्यातून धूळ उडते, माणसे उतरत नाहीत. वृत्तपत्रांनी या प्रवासाला 'अवैध वाहतूक' एवढेच नाव दिले. जे अवैध, त्याचे वाङ्मय होत नाही, असा काही आपला अलिखित नियम आहे काय?

हा निव्वळ गतकातरतेचा उमाळा आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. त्या जीपगाड्यांनी माणसे मारली आहेत. ब्रेक नसलेल्या, दिवे नसलेल्या, दुप्पट भरलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. एका अपघातात आमच्यासोबत बी.ए.ला असलेला मुलगा गेला. गर्दीत मुलींना काय सोसावे लागे, हेही आम्हांला ठाऊक आहे. एस.टी.चे उत्पन्न या वाहतुकीने खाल्ले, हा आरोपही खोटा नाही. पण ज्या गावाला एस.टी. दिवसातून एकदाच येई, किंवा येतच नसे, तेथील मुलीचे शिक्षण कशाच्या आधाराने टिकले? या विसंगतीतच साहित्याचा विषय आहे. तिला वळसा घालून बैलगाडीच्या घुंगरांत रमणे, हीच खरी गतकातरता होय.

रंगवून नव्या केलेल्या गाडीत हा इतिहास उरत नाही. मागची आडवी बाके काढली की त्यांवर बसलेली माणसेही निघून जातात. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दौलताबादच्या बुरुजावर मेंढा तोफ जपलेली आहे. युद्धाची यंत्रे आपण नेमाने सांभाळतो. मग युद्धासाठी जन्मून माणसांना दवाखान्यात आणि कॉलेजात पोहोचवणाऱ्या यंत्रानेच असा कोणता अपराध केला? एक तरी काळी-पिवळी तिच्या गंजासह, फाटक्या ताडपत्रीसह आणि काचेवर लिहिलेल्या गावांच्या नावांसह कोठेतरी उभी राहावी, अशी आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत आमच्या हाती आहे ते आम्ही करीत आहोत. यंदाच्या प्रकल्पलेखनासाठी आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ग्रंथालयात न पाठवता जुन्या जीपचालकांकडे पाठवले आहे. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न इंजिनाचा नाही. 'तुमच्या गाडीतून रोज कॉलेजला कोण कोण जात होते?' असा तो आहे.