लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना द्यायचा, तर मागच्या बोळांचे काय?

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद असतो. हा भाग कायमचाच चालणाऱ्यांना द्यावा, ही मागणी आम्हाला रास्त वाटते. पण उत्सवाच्या दिवशी पुणेकर हौसेने चालतात; अनंत चतुर्दशीला तर हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. त्यावरून साध्या मंगळवारचा अंदाज बांधता येत नाही.

व्यापाऱ्यांचा विरोध हेकटपणा म्हणून उडवून लावू नये. लग्नाचा बस्ता बांधायला बाहेरगावाहून आलेले कुटुंब गठ्ठे आणि दागिने घेऊन फार लांब चालणार नाही. माल उतरवायचा कधी, हाही प्रश्न आहेच. शिवाय बंदी टिकवणे सोपे नाही. दिल्लीच्या चांदनी चौकाचा रस्ता २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ तिथे मोटार वाहनांना बंदी आहे. रस्ता देखणा झाला, तरी दुचाकींची घुसखोरी आणि अतिक्रमणाच्या तक्रारी सुटल्या नाहीत. फरशा एकदा बसवल्या की झाले. बंदी मात्र रोज पाळून घ्यावी लागते.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती पेठेत राहणाऱ्यांची. लक्ष्मी रस्ता बंद झाला की गाड्या कुमठेकर रस्त्यावर, केळकर रस्त्यावर आणि बोळांत शिरणार. तिथल्या जुन्या वाड्यांत गुडघे धरून जिना उतरणारी म्हातारी माणसे आहेत. त्यांच्या दारापर्यंत रिक्षा आली पाहिजे, रुग्णवाहिका तर आलीच पाहिजे. दुकानांसमोर मोकळे चालता यावे म्हणून यांचा उंबरठा कोंडला, तर तो न्याय नव्हे.

तरीही आमचा कौल चालणाऱ्यांच्याच बाजूने आहे. पी-१, पी-२ पार्किंगच्या रांगेत जितक्यांच्या गाड्या मावतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गिऱ्हाइके आजही पायीच दुकानात शिरतात, तीही गाड्यांमधून अंग चोरत. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्थानक लक्ष्मी रस्त्यालगतच्या तुळशीबागेपासून चालण्याच्या अंतरावर आले. गाडीशिवाय बाजारात या, असे सांगायला आता आधार आहे.

अडते ते निर्धारापाशी. पादचारी धोरण २०१६ मध्ये मंजूर झाले. २०१८ मध्ये पार्किंग धोरणही मंजूर झाले, आणि विरोध होताच वर्षानुवर्षे कागदावर राहिले. रस्त्यावर गाडी फुकट लावता येते तोवर वाहनतळात कोण जाईल?

म्हणून सुरुवात शनिवार-रविवारच्या संध्याकाळपासून करावी. माल सकाळी दुकाने उघडण्याआधी उतरावा, रहिवाशांना पास मिळावेत, आजूबाजूच्या रस्त्यांवर पार्किंगला शुल्क लागावे. महापालिकेने बंदीआधी आणि बंदीनंतर बोळांतली वाहने मोजावीत आणि ते आकडे जाहीर करावेत. बोळांतली कोंडी आटोक्यात राहिली, तर सहा महिन्यांनी इतर दिवसांचा विचार करावा. वाढली, तर आधी तिचा बंदोबस्त करावा.