गुडघा नवा बसवला, मग झोपेची गोळी कशाला?

सांधा बदलून घरी आलेल्या आजी-आजोबांनी औषधांची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली, की त्यात एक छोटी पट्टी हमखास सापडते. कधी अल्प्राझोलाम, कधी क्लोनाझेपाम, कधी झोल्पिडेम. डिस्चार्जच्या कागदावर ती 'रात्री एक' म्हणून पाच दिवसांसाठी लिहिलेली असते. ऑपरेशनला तीन महिने होऊन जातात, तरी गोळी चालूच. "कोणी दिली?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मेडिकलवाला देतो की. रिकामी पट्टी दाखवली की झालं."

या पट्टीचा मला राग आहे. का, ते सांगतो.

आपल्या भागात ऑपरेशन करणाऱ्यांची वाण नाही. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं. आजही जत-आटपाडीपासून माणसं मिरजेची वाट धरतात. कऱ्हाडला, साताऱ्यातही गुडघे बदलले जातात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरातही या ऑपरेशनचा विचार होऊ लागला. हे सगळं चांगलंच आहे. पण तो नवा गुडघा घेऊन रात्री झोपायचं कसं, हे घरी पाठवताना कोणी सांगत नाही. व्यायामाचा छापील कागद मिळतो, झोपेचा मिळत नाही. त्याच्या जागी गोळी मिळते.

आधी हे लक्षात घ्या की या ऑपरेशननंतर झोप मोडणं नेहमीचं आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात. पुढे कित्येक आठवडे रात्रीचं दुखणं उठवत राहतं. आयुष्यभर कुशीवर झोपलेल्या माणसाला उताणं झोपावं लागतं. प्रोस्टेट, मधुमेह किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल, तर दोन-तीनदा उठणं आलंच, आणि प्रत्येक वेळी वॉकर शोधायचा. यातल्या एकाही कारणावर अल्प्राझोलाम हे औषध नाही. गोळीने गुडघा दुखायचा थांबत नाही, माणूस फक्त गुंगतो.

बदल्यात मिळतं काय? २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये साठीपुढच्या, झोप न येणाऱ्या लोकांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. झोपेच्या गोळ्यांनी रात्रीची झोप सरासरी २५ मिनिटांनी वाढली. तेरा जणांना गोळी दिली तर एकाची झोप सुधारली, पण सहा जणांना दिली तर एकाला त्रास झाला: गुंगी, विसराळूपणा, तोल जाणं. नव्या सांध्यावर जपून चालणाऱ्या माणसाचा रात्री दोन वाजता बाथरूमच्या दारात तोल जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. कृत्रिम सांध्याजवळचं हाड मोडलं, तर ते जोडणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं.

याच पिशवीत बऱ्याचदा ट्रामाडॉलही असतं, दुखण्यावर. ट्रामाडॉल आणि झोपेची गोळी एकत्र घेतली की श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली अफूवर्गातली वेदनाशामकं आणि या जातीच्या गोळ्या एकत्र देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला. ज्यांचा घोरताना मध्येच श्वास अडकतो, त्यांना धोका आणखी जास्त. आपल्याकडे मात्र घोरणं म्हणजे गाढ झोप, असा समज आहे.

आता कायद्याचं बघू. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही दोन्ही शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. २०१४ च्या मार्चपासून नियम असा आहे की ही औषधं देताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. रिकामी पट्टी म्हणजे चिठ्ठी नव्हे. पण एकट्या दुकानदाराला बोलून उपयोग नाही. गोळी लिहून ती कधी बंद करायची हे न सांगणारे आम्ही डॉक्टर त्यात पहिले. आणि "पेशंट शांत झोपलं म्हणजे घराला झोप" असं म्हणणारे नातेवाईकही आहेत. दिवसभर राबलेल्या सुनेचं ते म्हणणं मला कळतं. पण त्यासाठी सासूबाईंना गुंगवणं हा उपाय नाही.

काही सर्जन मित्र म्हणतात, "झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पेशंट व्यायाम करत नाही, गुडघा आखडतो." अगदी खरं आहे. झोप हवीच. फक्त ती गुंगीची नको, कारण सकाळी अर्धवट गुंगीत असलेला माणूसही व्यायाम करत नाही.

मग करायचं काय? सर्वांत आधी वेदनाशामकाची वेळ बदला. बहुतेक घरांत दुखण्याची गोळी जेवणाबरोबर साडेसात-आठला दिली जाते आणि मध्यरात्री तिचा असर संपतो. दिवसाचा शेवटचा डोस झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. डोस स्वतः वाढवू नका. किडनीचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर दुकानातून आणखी एक पेनकिलर आणू नका. बंद करा म्हणतोय ती झोपेची गोळी. वेदनाशामक भीतीने अर्धवट घेतलं तर झोप आणखी मोडते. रात्रीचा व्यायाम संध्याकाळी सहाच्या आत उरका, आणि झोपताना कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा.

उशी कुठे ठेवायची, यात जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. आधार टाचेखाली द्या, गुडघा सरळ राहू द्या. कुशीवर वळायची परवानगी सर्जनकडून घ्या. ती मिळाली की दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून वळा. खुबा बदललेला असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते तुमच्याच सर्जनना विचारा.

आणि तो सोप्यातला कॉट! पेशंटला सोप्यात ठेवायचं, समोर टीव्ही, येणारा-जाणारा प्रत्येक जण नारळ आणि बिस्किटाचा पुडा घेऊन बसणार, प्रत्येकाबरोबर अर्धा कप चहा. दिवसभर डुलक्या, रात्री साडेदहापर्यंत मालिका, मग "झोप येत नाही हो डॉक्टर." येईल कशी? भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतर नको म्हणा. वाईटपणा येतो, येऊ द्या. माझं नाव सांगा. चहा दुपारी तीनपर्यंत. दुपारची झोप अर्धा तास, तीही तीनच्या आत. सकाळी खुर्ची अंगणात टाकून अर्धा तास उन्हात बसवा, शरीराचं घड्याळ त्या उजेडाने लागतं. रात्री कितीही वेळा जाग आली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, ते विचारा. बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, पायपुसणं उचला, वॉकर हाताशी असू द्या.

पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, रात्री मुंग्या येत असतील तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या; ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटलला न्या.

हे वाचून कोणी आज रात्रीच ती पट्टी फेकून देईल, म्हणून एक सांगतो. महिनोन्‌महिने रोज घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका. अस्वस्थता, हात थरथरणं, कधी फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांत हळूहळू कमी करायची असते. ऑपरेशन अजून व्हायचं असेल आणि वर्षानुवर्षं अशी गोळी चालू असेल, तर भुलीच्या डॉक्टरांना ते आधीच सांगा. रिकामी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, डॉक्टरकडे जा.