विश्लेषण : मेथी, गुडमार, गुळवेल एकाच गोळीत, पण त्या मिश्रणाची चाचणी झाली आहे का?

‘सगळं नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही.’ मधुमेहावरच्या काढ्याच्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य हमखास असतं. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे असा मेसेज कुणाच्या ना कुणाच्या घरी पोहोचतोच.

बीजीआर-34 चं उदाहरण घेऊ. सीएसआयआरच्या लखनौमधल्या दोन संस्थांनी विकसित केलेली ही गोळी 2015 मध्ये बाजारात आली. तिच्यात दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी. सरकारी प्रयोगशाळेचं नाव असूनही माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष कुठे आहेत, असा प्रश्न तेव्हाच डॉक्टरांनी विचारला होता. तो रास्तच होता. मेथीवर वेगळा अभ्यास झाला, गुडमारवर वेगळा झाला, म्हणून सहांच्या मिश्रणाची चाचणी झाली असं होत नाही.

खरा धोका तर पुढेच आहे. हे मिश्रण घेणारे बहुतेक जण डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेत असतात. ग्लिमेपिराइडसारखं औषध स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. त्यावर साखर उतरवणारं आणखी काही घेतलं, तर ती 70 च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. वयस्कर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांत तर बेशुद्धीपर्यंत मजल जाते.

म्हणून चाचणी नेहमीच्या औषधांसोबतच व्हायला हवी. एचबीए1सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे पंधरा दिवसांच्या ‘अनुभवा’ला फारसा अर्थ नाही. यकृत आणि किडनीच्या तपासण्या हव्यात. साखर किती वेळा घसरली, याची नोंदही हवी. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वनस्पती असू शकते, असं म्हटलं. पण मग बाटलीत नेमकी कुठली वेल आहे, हे ग्राहकाने कसं ओळखायचं?

भेसळ हा आणखी वेगळा विषय. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या काही उत्पादनांत न सांगता मिसळलेली अ‍ॅलोपॅथिक औषधं अमेरिकेच्या एफडीएला सापडली आहेत. साखर झपाट्याने उतरली तर ती कशाने उतरली, हीही शंका घ्यायला हवी.

मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. काढा किंवा गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना नावासकट सांगा, आणि आधीची औषधं परस्पर बंद करू नका.