दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. पण फडावर गेलेली लेकरं कुणाच्या हजेरीत?

दिवाळीची सुट्टी संपून जिल्हा परिषदेच्या शाळांचं दुसरं सत्र सुरू झालं, की शहरातल्या शाळांत नवीन कपड्यांची आणि फटाक्यांची चर्चा असते. आपल्या बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर वेगळंच चित्र दिसतं. मास्तर हजेरी घेतात आणि एकेका नावापुढं थांबतात. चौथीतला नाही. सहावीतली दोघं बहीण-भाऊ नाहीत. घरी जावं तर दाराला कुलूप. शेजारची म्हातारी सांगते, टोळी गेली परवाच.

यात नवीन काही नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्यापैकी कित्येकजण आत्ता हे कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत बसूनच मोबाईलवर वाचत असतील. म्हणून "स्थलांतरामुळे शिक्षणाचं नुकसान" ही दरवर्षीची बातमी आज परत लिहायची नाही. आज एकच गोष्ट तपासू. सगळ्यांना माहीत असलेली ही गळती सरकारी आकड्यांत नीट का उमटत नाही, आणि तिच्यावरचा इलाज दरवर्षी उशिरा का येतो?

उत्तर बऱ्याच अंशी तारखांमध्ये आहे.

पट मोजतात सप्टेंबरात, गाडी सुटते दिवाळीला

शाळेत किती शिक्षक द्यायचे हे ज्या संचमान्यतेवर ठरतं, तिच्यासाठी साधारण ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. त्या दिवशी सगळी लेकरं गावात असतात. सोयाबीनची काढणी चालू असते किंवा व्हायची असते, मुकादमाची गाडी यायला अजून वेळ असतो. त्यामुळं आकड्यात शाळा भरलेली दिसते आणि ते खोटंही नसतं. त्या तारखेला ती भरलेलीच असते.

त्यानंतर दसरा होतो, दिवाळी होते आणि गाळप हंगाम उघडतो. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडं आणि सीमा ओलांडून कर्नाटकात निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे शाळेच्या वर्षातला निम्मा काळ, तोही वाचन-गणित पक्कं करायचा काळ, ही पोरं बाहेर. पण वरच्या कार्यालयात जो आकडा वर्षभर फिरतो तो सप्टेंबरचा. स्थलांतरितांचं सर्वेक्षण होतं, नाही असं नाही. मात्र ते शिक्षकानं घरोघर फिरून करायचं असतं आणि बऱ्याचदा ते टोळी गेल्यावर होतं. रिकाम्या घराचं सर्वेक्षण म्हातारीला विचारूनच करावं लागतं.

आणखी एक अडचण उघड बोलली जात नाही. पट घसरला तर शिक्षकाचं पद जातं, वस्तीवरची शाळा बंद पडायची भीती असते. त्यामुळं गेलेल्या पोराचं नाव हजेरीत तसंच राहावं यात शाळेचाही स्वार्थ असतो आणि गावाचाही. सगळा दोष एकट्या मास्तरावर टाकणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

लेकरू सोबत का न्यावं लागतं

बाहेरची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात, आईबापाला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही का? कळतं. ज्याचा अंगठा उचलीच्या कागदावर उठतो, त्याला ते तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं.

पण कोयत्याचं गणित बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून बाईनं गावी थांबून लेकरं सांभाळायची हा पर्यायच संपतो. पहाटे अंधारात दोघंही फडात जातात, कधी रात्री गाडी भरायला जावं लागतं. एक दिवस पडलं तर खाडा. मग मागं कोपीत दोन वर्षांच्या पोराला बघायला कुणीतरी लागतं आणि ते काम आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडं येतं. पाणी तीच आणते, भाकरी तीच थापते. बारा-तेरा वर्षांचा पोरगा मोळ्या बांधू लागतो, वाढं विकायला जातो. त्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नसतं.

गावी आजी-आजोबा धडधाकट असतील तर मोठी पोरं मागं राहतात. नसतील तर सगळेच गाडीत. आणि मुलगी वयात आली असेल तर काळजी दुप्पट. मागं ठेवली तरी जीव टांगणीला, फडावर नेली तरी तेच. यातूनच लवकर लग्न उरकायचा विचार येतो, कारण लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं नोंदलं गेलं. राज्याचं हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. ही सगळी लग्नं ऊसतोडीमुळंच झाली असं कुणी म्हणणार नाही, पण दिवाळीनंतर शाळेत न परतलेली सातवी-आठवीची मुलगी या आकड्याच्या जवळ उभी आहे, हे नाकारता येत नाही.

वसतिगृह आहे, पण कधी सुरू होतं?

आता इलाजाकडं येऊ. समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं चालतात. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी पोरं रात्री आजीकडं किंवा चुलत्याकडं झोपतात आणि शाळेत त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. कल्पना साधी आणि कामाची आहे. म्हातारीला पोरं सांभाळणं जमतं, सहा महिने त्यांना खाऊ घालणं जमत नाही. नेमकी तीच गरज यात भागते.

घोळ वेळेचा होतो. मुकादम उचल पावसाळ्यातच वाटतो. कोणता कोयता कुठल्या कारखान्याला जाणार हे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गावाला पाठ असतं. म्हणजे कोणत्या घरातलं कोणतं लेकरू जाणार हेही तेव्हाच सांगता येतं. पण शाळेचा प्रस्ताव, पडताळणी, मंजुरी, निधी या वाटेनं वसतिगृह गाडी सुटल्यावर चालू झाल्याच्या तक्रारी हंगामामागून हंगाम येतात. गाडीच्या दिवशी आईला ठरवायचं असतं. "पंधरा दिवसांत जेवण चालू होईल" या शब्दावर कोण लेकरू मागं सोडेल? एकदा लेकरू ट्रॅक्टरमध्ये बसलं, की डिसेंबरात सुरू झालेलं वसतिगृह त्याच्या काय कामाचं.

दुसरी योजना संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जणांची सोय, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. पहिल्या टप्प्यात बीड, अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांतले तालुके घेतले. चांगली गोष्ट. पण हिशोब मांडा. सगळी ८२ पूर्ण क्षमतेनं चालली तरी जागा होतात ८,२००. राज्यात तोडणीला जाणाऱ्यांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात सांगितली जाते. म्हणून गावातल्या हंगामी वसतिगृहाला पर्याय नाही. ते वेळेवर चालणं हाच मुद्दा आहे.

पैसा नाही म्हणावं तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागं कारखान्याकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून अशी तरतूद ठरलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संघटनांनी कोयता बंद ठेवायची धमक दाखवली म्हणून. दरावर आणि मुकादमाच्या कमिशनवर जशी घासाघीस होते, तशी लेकरांच्या शाळेवर झालेली आपल्याला तरी आठवत नाही.

एक जुनी गोष्टही आठवते. २०२४ ला २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि हंगाम १५ तारखेला उघडणार होता. तेव्हा मजुरांचं मतदान बुडू नये म्हणून हंगाम थोडा पुढं न्यावा, अशी चर्चा थेट मुंबईपर्यंत पोचली होती. मतासाठी तारखेचा विचार होऊ शकतो, तर वसतिगृहाची तारीख गाडीच्या आधी आणणं त्याहून सोपं काम आहे.

जी गेली त्यांचं काय

पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि धोरण बदललं. वेगळी शाळा नको, जवळच्या नेहमीच्या शाळेतच प्रवेश द्या, असं ठरलं. कागदावर हे योग्यच आहे. कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेवर किंवा नगरपालिकेवर, स्पष्ट टाकली आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात फड दर आठ-पंधरा दिवसांनी सरकतो. आज कोपी एका गावच्या शिवारात, पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या. शाळा दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता. कर्नाटकात गेलेल्यांपुढं तर भाषेचीच भिंत.

तरीही जे करता येतं ते करायलाच हवं. टोळी निघण्याआधी गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. सहा महिन्यांसाठी जाताय तर दाखला काढायची घाई नको, हे कार्ड पुरतं. ज्यांनी घेतलं नाही त्यांनी फोन करून नातेवाइकामार्फत घ्यावं, व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून ठेवावा. कारखान्याच्या गटातल्या शाळेनं प्रवेशाला नकार दिला तर तिथल्या केंद्रप्रमुखाला किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. तोंडी नकाराची नोंद कुठंच होत नाही.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी तर यंदा जास्त लक्ष द्यायला पाहिजे. आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, ही समजूत आता जुनी झाली. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. एप्रिलमध्ये फडावरून परतलेलं पोरगं थेट परीक्षेच्या तोंडावर येतं. आठवीत दुसऱ्यांदा बसायला चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा कितपत तयार होईल? त्याच्या हातात तोवर कोयता बसलेला असतो. ज्या कायद्यानं त्याला शाळेत आणायचं, त्याचं वयही चौदाला संपतं.

गावात मागं राहिलेल्यांचंही काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हंगामी वसतिगृहाचा विषय तिथूनच निघतो. समितीची बैठक शेवटची कधी झाली, वसतिगृहाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, मंजुरी कधी आली, आज ताटात किती लेकरं जेवतात आणि वहीवर किती दाखवली जातात, हे विचारायला अर्ज-विनंतीची गरज नाही. शाळेत जाऊन विचारता येतं. पुढच्या वर्षासाठी उचल वाटायला सुरुवात झाली, की त्याच आठवड्यात समितीनं यादी करून प्रस्ताव पाठवावा. मुकादमाच्या वहीत नावं चढतात तेव्हाच शाळेच्या वहीतही चढू शकतात.

तुमच्या गावात हंगामी वसतिगृह मंजूर असूनही अजून सुरू झालं नसेल, तर गावाचं नाव, शाळा आणि मागं राहिलेल्या मुलांची संख्या आम्हाला कळवा. लेकरांची नावं किंवा फोटो पाठवू नका. तालुकावार यादी करून आम्ही शिक्षण विभागाकडं उत्तर मागणार आहोत.